अंगठा कुठं करायचा?

एसएनसीयूच्या, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षाच्या, बाहेरच्या बाकावर सुरगाण्याकडची एक बाई बसली होती. आठव्या महिन्यातच बाळंत झालेली. बाळ दीड किलोचं, आत काचेत. आमची शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी तिच्याशेजारी बसली, फाइल उघडली आणि संमतीपत्र वाचू लागली, ‘सदर संशोधनाचा उद्देश असा की...’ दुसरं वाक्य पुरं व्हायच्या आतच त्या बाईनं डाव्या हाताचा अंगठा पुढं केला.

‘कुठं करायचा?’

विद्यार्थिनीनं माझ्याकडं पाहिलं. काम पटकन झालं म्हणून तिचा चेहरा मोकळा झाला होता. मी म्हटलं, ‘शाईचं पॅड बंद कर. आधी आपण दोघी बाहेर जाऊन बोलू.’

तेव्हा तिच्याशी जे बोलले, तेच इथं जरा सविस्तर लिहिते आहे. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात संशोधन पद्धती आणि नीतिमूल्यं असे दोन वेगळे भाग शिकवतात. आधी वॉर्डात आणि नंतर वर्गात मिळून वीस-बावीस वर्षं काढल्यावर माझं मत असं झालंय की हे दोन भाग वेगळे नाहीतच. पेशंटला प्रश्न विचारतो तेव्हा आपण त्याच्याकडून काहीतरी घेत असतो. त्याचा वेळ, थोडा त्रास, कधी घरातली कुणाला न सांगितलेली गोष्ट. ते घेताना त्याला ‘नाही’ म्हणायची खरी मोकळीक होती का, हा नीतीचा प्रश्न. घेतलेल्याचं चीज होणार आहे का, हा पद्धतीचा. चीज होणारच नसेल, तर कितीही गोड बोलून घेतलेली संमती फुकटच जाते.

आधी पद्धतीकडं बघू. मुलीचा विषय होता, ‘कमी वजनाच्या बाळांच्या मातांच्या कांगारू केअरविषयीच्या ज्ञानावर नियोजित अध्यापन कार्यक्रमाची परिणामकारकता’. कांगारू केअर म्हणजे बाळाला ऊब मिळावी म्हणून ते आईच्या छातीशी धरणं. नर्सिंग कॉलेजात एखादं वर्ष काढलेल्या कुणालाही हे शीर्षक ओळखीचं वाटेल. ‘कांगारू केअर’च्या जागी मधुमेह, स्तनपान, हात धुणं, काहीही घाला, बाकीचं तसंच राहतं. 60 मातांना 30 प्रश्नांची प्रश्नावली द्यायची, फ्लिपचार्ट दाखवून शिकवायचं, सात दिवसांनी तीच प्रश्नावली परत द्यायची. गुण वाढतात. ‘पी मूल्य 0.05 पेक्षा कमी’ असं लिहिलं जातं आणि प्रबंधाची बांधणी होते. राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 पासून आमच्या नाशकातच आहे, दिंडोरी रस्त्याला म्हसरूळला. त्यामुळं अशा प्रबंधांची चर्चा आमच्या कानावर इतरांपेक्षा जरा जास्तच पडते.

यात चुकतं कुठं? पहिलं म्हणजे, त्या सात दिवसांत आईला फक्त आपणच शिकवलेलं नसतं. वॉर्डातल्या सिस्टरनं दहा वेळा सांगितलेलं असतं, शेजारच्या खाटेवरच्या बाईचं पाहून ती शिकलेली असते, आणि तीच प्रश्नावली दुसऱ्यांदा हातात आल्यावर प्रश्नही ओळखीचे झालेले असतात. गुण आपल्या फ्लिपचार्टमुळं वाढले की या बाकीच्या गोष्टींमुळं, हे एकाच गटाकडं बघून सांगता येत नाही. तुलनेला दुसरा गट लागतो.

दुसरं म्हणजे ते पी मूल्य. बहुतेक मुली त्याचा अर्थ ‘आपलं म्हणणं 95 टक्के खरं ठरलं’ असा घेतात. तो अर्थ नाही. शिकवण्याचा काहीच परिणाम होत नाही असं घटकाभर धरून चालू. तरीही नुसत्या योगायोगानं एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती, तेवढंच पी मूल्य सांगतं. 0.05 म्हणजे शंभरात पाच. फरक किती मोठा आहे आणि तो बाळाच्या काही कामाचा आहे का, यावर ते गप्प असतं. समजा गुण 12 वरून 14 वर गेले. पुरेशा आया घेतल्या तर तेवढ्यावरही पी मूल्य छान येईल. बाळाला त्या दोन गुणांचं काय?

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत मोठी वाटते. आपण मोजलं ज्ञान, आणि बाळाला हवी असते ऊब. कांगारू केअर म्हणजे लंगोट, टोपी आणि मोजे एवढंच घातलेलं बाळ आईच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी लागेल असं उभं धरायचं आणि वरून कापडानं बांधायचं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की हे दिवसाला 8 ते 24 तास, जितकं जमेल तितकं करावं. एखादी आई तिसातले तीस गुण मिळवेल आणि दिवसातून अर्धा तासच बाळाला छातीशी धरेल, कारण दुपारी दोघी-तिघी मिळून पाहुण्या येतात, मध्ये पडदा नाही, आणि सासूला ते बरं दिसत नाही. आपल्या प्रश्नावलीत पडद्याचा प्रश्नच नव्हता.

आणि त्या 60 आया निवडल्या कशा? सकाळी अकराला वॉर्डात ज्या सापडल्या त्या. याला सोयीचा नमुना म्हणतात, आणि त्यात सोय असते ती आपली. ज्यांचं बाळ जास्त आजारी आहे त्या अकराला काचेपाशी उभ्या असतात. ज्यांना घरी दुसरं लहान मूल आहे त्या पहाटेच्या एसटीनं गावी जाऊन संध्याकाळी परततात. म्हणजे ज्यांची अडचण सगळ्यांत मोठी, त्याच आपल्या आकड्यांतून गळतात.

‘मग दोन गट करू का?’ मुलीनं विचारलं. ‘चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना कांगारू केअर द्यायचं, निम्म्यांना नाही.’

नीती आणि पद्धत एकमेकींत कशा गुंतलेल्या असतात, ते इथं स्वच्छ दिसतं. चिठ्ठ्या टाकून गट पाडणं ही तुलनेची सगळ्यांत भक्कम रीत आहे. कोण कुठल्या गटात जाणार हे आपल्या मर्जीवर राहत नाही, त्यामुळं दोन्ही गट बाकी सगळ्या बाबतींत साधारण सारखे पडतात. पण ही रीत वापरायची मुभा एकाच परिस्थितीत असते. दोन्हींतलं जास्त चांगलं कोणतं, हे जाणत्या लोकांनाही खरोखर माहीत नसलं पाहिजे. माहीत असताना चिठ्ठ्या टाकल्या, तर निम्म्या बाळांना आपण जाणूनबुजून कमी प्रतीची सेवा देतो.

कांगारू केअरच्याच बाबतीत हे किती काटेकोरपणे पाळलं गेलं ते बघा. कमी वजनाचं बाळ आधी स्थिर होऊ द्यायचं, मग छातीशी द्यायचं, अशी पूर्वीची रीत होती. अजून स्थिर न झालेलं बाळ जन्मल्याबरोबर छातीशी दिलं तर बरं की वाईट, हे तेव्हा खरोखरच ठाऊक नव्हतं. म्हणून भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या देशांतल्या पाच रुग्णालयांत एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. 1 किलो ते 1.799 किलो वजनाची 3,200 हून अधिक बाळं त्यात होती. एका गटातली बाळं लगेच छातीशी, दिवसाला साधारण 17 तास. दुसऱ्या गटात नेहमीची रीत. पहिल्या 28 दिवसांत नेहमीच्या गटातली 15.7 टक्के बाळं दगावली, लगेच छातीशी दिलेल्या गटातली 12 टक्के.

या आकड्यांइतकंच मोलाचं आहे ते मध्येच घडलेलं. एक स्वतंत्र समिती अधूनमधून आकडे तपासत होती. फायदा स्पष्ट दिसू लागला तेव्हा ठरलेली संख्या पुरी व्हायच्या आतच अभ्यास थांबवला गेला. कळल्यानंतरही दुसऱ्या गटातल्या बाळांना त्यापासून लांब ठेवणं बरोबर झालं नसतं. ‘अजून थोडे आकडे मिळाले तर निष्कर्ष आणखी पक्का होईल’ हा मोह मोठा असतो. मोजणाऱ्यांच्या हातात तो निर्णय नव्हता, हे फार शहाणपणाचं होतं.

तेव्हा आमच्या मुलीला निम्म्या आयांना ‘नाही’ म्हणायचा अधिकारच उरला नव्हता. तिला प्रश्न बदलावा लागला. दोन-तीन दिवस घासाघीस करून ठरला तो असा, आमच्या वॉर्डात आई प्रत्यक्षात दिवसाला किती तास बाळ छातीशी धरते आणि मध्ये काय आडवं येतं? पहिल्या अर्ध्या प्रश्नासाठी तास मोजायचे, दुसऱ्या अर्ध्यासाठी बोलायचं. आकड्यांचं संशोधन आणि बोलण्याचं संशोधन यांत कोण श्रेष्ठ हा वाद मला कधीच पटला नाही. ‘किती’ विचारायचं असेल तर मोजा, ‘का’ विचारायचं असेल तर बसा आणि ऐका.

मोजण्यातही एक अडचण आहे. वहीपेन घेऊन कुणी समोर उभं राहिलं की माणूस वेगळं वागतं. हात धुण्याची पाहणी करायला कुणी आलं की त्या तासाला सगळ्या सिस्टर हात धुतात, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलंय आणि केलंयही. म्हणून पहिल्या दोन दिवसांच्या नोंदी बाजूला ठेवायच्या आणि सवय झाल्यावरच्या धरायच्या असं ठरवलं. आयांपासून काही लपवायचं नाही, फक्त घाई करायची नाही.

बोलण्याच्या संशोधनात ‘किती जणींशी बोलू?’ याचं उत्तर आधी आकड्यात देता येत नाही. एकेकीशी बोलत जायचं. पुढच्या बाईच्या बोलण्यातून नवं काही निघेनासं झालं की थांबायचं. आणि लिहिताना फार जपायचं. नाव काढून टाकलं म्हणजे ओळख पुसली असं मुलींना वाटतं. ‘19 वर्षांची, सुरगाणा तालुक्यातली, जुळ्यांची आई म्हणाली की सासू बाळाला हात लावू देत नाही’, एवढं छापलं की आख्ख्या वॉर्डाला आणि तिच्या पाड्यावरच्या आशाताईला ती कोण ते कळतं. सासूलाही कळेल. वय, गाव आणि जुळी यांतल्या दोन गोष्टी खोडल्या तरी तिचं म्हणणं तसंच राहतं.

आता त्या अंगठ्याकडं येते.

ती बाई न ऐकताच अंगठा का देत होती? तिचं बाळ आमच्या काचेत होतं. पांढरा कोट घातलेली कुणीही मुलगी तिच्या लेखी काच चालवणाऱ्यांपैकीच एक. ‘नाही’ म्हटलं तर बाळाचं काय होईल, याचा हिशेब तिनं क्षणात केला होता आणि तो तिच्या दृष्टीनं बरोबरच होता. संमतीपत्रावर ‘स्वेच्छेने’ असा शब्द छापलेला होता. तिच्या कानापर्यंत तो पोचलाच नाही, आणि पोचता तरी त्या बाकावर बसून तिनं त्याच्यावर भरवसा कशाच्या जोरावर ठेवला असता?

नर्सवर पेशंटचा विश्वास असतो, आणि नेमका तोच कसा वापरला जाऊ शकतो याचं एक उदाहरण मी दरवर्षी वर्गात सांगते. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या टस्कीगी इथं 1932 ते 1972 अशी चाळीस वर्षं सिफिलिस झालेल्या 399 गरीब काळ्या पुरुषांवर नुसती नजर ठेवण्यात आली. सोबत आजार नसलेले 201 जण तुलनेसाठी होते. आजाराचं नाव त्यांना सांगितलंच नाही. ‘रक्त खराब आहे’ एवढंच सांगितलं. 1940 च्या दशकात पेनिसिलीन हे या आजाराचं ठरलेलं औषध झालं, तरी ते त्यांना दिलं नाही. डॉक्टर येत-जात राहिले. शेवटपर्यंत टिकून होती ती एक नर्स, युनिस रिव्हर्स. ती स्वतः काळी होती, त्यांच्यातलीच होती. ती गाडीनं न्यायला यायची, घरच्यांची विचारपूस करायची. मेल्यावर शवविच्छेदन करू द्यायच्या बोलीवर अंत्यसंस्काराचा खर्च मिळायचा, आणि घरच्यांची त्याला संमतीही तीच मिळवायची. लोक तिच्या शब्दावर येत होते. तिला दुष्ट म्हणणं मला जमत नाही. तिच्या हातून त्या माणसांची प्रेमानं सेवाही झाली. म्हणूनच हे उदाहरण जास्त बोचतं. चांगली नर्स असणं त्या माणसांना वाचवायला पुरलं नाही. हे प्रकरण 1972 मध्ये वर्तमानपत्रांतून बाहेर आलं आणि त्यानंतर संशोधनाचे नियम कडक झाले.

आणि दूर अमेरिकेत कशाला जायचं? एम.एस्सी. करताना मी स्वतः एका रुग्णालयात शस्त्रक्रियेनंतरच्या दुखण्यावर माहिती गोळा केली. दोन दिवसांत 40 फॉर्म. एका मावशींनी कळ सोसत सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. शेवटी विचारलं, ‘मग आज सोडणार ना?’ त्यांना वाटत होतं की हे डिस्चार्जचे कागद आहेत. मी त्यांना समजावून सांगितलं. पण फॉर्म फाडला नाही. 40 चे 39 झाले असते. तो फॉर्म माझ्या प्रबंधात आहे, आणि त्यातल्या दुखण्याच्या आकड्यावर माझा आजही विश्वास नाही. लवकर सोडावं म्हणून त्यांनी कळ कमी करूनच सांगितली असणार. संमती खोटी होती तिथं माहितीही खोटी निघाली.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं आपल्याकडं पाळावी लागतात. लिहिता-वाचता न येणाऱ्या व्यक्तीची संमती घेताना संशोधनाशी संबंध नसलेला, वाचता येणारा साक्षीदार सगळा वेळ हजर हवा, असं त्यांत आहे. नीती समितीत 7 ते 15 जण असतात. डॉक्टरांबरोबर कायदा जाणणारी, समाजशास्त्र जाणणारी आणि या क्षेत्राबाहेरची साधी व्यक्तीही असते, आणि अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो. मुलींना समितीची भीती वाटते. मला त्यातल्या त्या साध्या माणसाचा फार आधार वाटतो, कारण ‘याचा त्या बायांना काय उपयोग?’ हा प्रश्न बहुतेक वेळा त्याच्याच तोंडून येतो.

नियमांत न बसणारं थोडं आम्ही आमच्यापुरतं ठरवलं. ज्या बाळाची सेवा ती मुलगी करते, त्याच्या आईची संमती तिनं घ्यायची नाही, दुसरीनं घ्यायची. पांढरा कोट काढून जायचं. ‘सदर’ आणि ‘स्वेच्छेने’ हे शब्द काढून टाकायचे, आणि पहिलं वाक्य हे ठेवायचं, ‘तुम्ही नाही म्हटलं तरी बाळाचं दूध, औषध, काच, सगळं आत्तासारखंच चालू राहील.’ तिची बोली कळणारी सोबतीण घ्यायची. सांगून झाल्यावर तिलाच विचारायचं, ‘काय समजलं ते तुमच्या शब्दांत सांगा.’ आणि त्याच दिवशी अंगठा घ्यायचा नाही. रात्र मध्ये जाऊ द्यायची.

खरं सांगायचं तर हे कौशल्य संशोधनापेक्षा रोजच्या वॉर्डात जास्त लागतं. मी वॉर्डात होते तेव्हाची एक मार्चमधली रात्र आठवते. निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार, साठीच्या आसपासचे, पसरलेला कॅन्सर. मुलानं डॉक्टरांपासून मावश्यांपर्यंत सगळ्यांना हात जोडून सांगितलं होतं, ‘बाबांना कळू देऊ नका, ते खचतील.’ रात्री दोनला सलाईन बदलताना त्यांनी माझं मनगट धरलं. ‘सिस्टर, एवढंच सांगा. एप्रिलची खरड छाटणी मी करणार, का पोराला शिकवून ठेवू?’

पुस्तकात चार तत्त्वं असतात. माणसाला स्वतःचा निर्णय घेऊ द्या, त्याचं भलं करा, त्याचं नुकसान टाळा, सर्वांना न्यायानं वागवा. त्या रात्री पहिली तीन एकमेकांना ओढत होती. मुलगा नुकसान टाळू पाहत होता, त्याचा हेतू प्रेमाचाच होता. पण वडिलांना निदानाचं नाव नकोच होतं. बागेसाठी किती वेळ हातात आहे, एवढं त्यांना हवं होतं. ती माहिती त्यांच्या मालकीची होती.

निर्णय घेताना मला काही साधे प्रश्न उपयोगी पडतात. मला नक्की काय माहीत आहे? हे सांगणं कुणाचं काम आहे? आत्ताच ठरवायला हवं, की सकाळपर्यंत थांबता येईल? आणि मी काहीही केलं तरी कोणती गोष्ट करणार नाही? निदान सांगणं डॉक्टरांचं काम होतं, आणि रात्री दोनला एकट्या माणसाला ते सांगून पुढच्या खाटेकडं जाणं क्रूर ठरलं असतं. पण ‘काही नाही हो, बरे व्हाल’ हे मी म्हणणार नव्हते. मी स्टूल ओढून बसले. ‘तुमच्या मनात काय येतंय?’ ते बोलले, बरंच बोलले. मग विचारलं, ‘डॉक्टरांनी सगळं तुम्हालाच सांगावं, की मुलाशी बोलावं? दोन्ही चालेल.’ न कळून घेण्याचाही हक्क असतो, तोही विचारावा लागतो. ते म्हणाले, ‘मला. पण पोरगा जवळ असताना.’

हे वाक्य मी जसंच्या तसं नोंदीत लिहिलं आणि सकाळी हँडओव्हरमध्ये सांगितलं. डॉक्टरांनी आधी मुलाला बाजूला घेतलं. तो चिडला, मग रडला. दुपारी तिघं बसून बोलले. पुढच्या दोन दिवसांत बाप-लेकानं एका जुन्या डायरीच्या पाठच्या पानांवर बागेची सगळी कामं महिन्यावार लिहून काढली. अक्षर मुलाचं होतं, सांगत बाबा होते.

सुरगाण्याच्या त्या बाईकडं आमची दुसरी विद्यार्थिनी काही दिवसांनी गेली, साध्या कपड्यांत, सोबतीला तिची बोली बोलणारी वॉर्डातली एक मदतनीस. सगळं सांगून झालं, तिच्याकडून परत सांगूनही झालं. रात्र गेली. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, ‘नको बाई. घरच्या गोष्टी नाही सांगत मी.’ वहीत तिच्या क्रमांकापुढं ‘नकार’ लिहिला. मुली उठायला लागल्या, तसं तिनंच त्यांना थांबवलं, पदर सावरला आणि विचारलं, ‘पण ते बाळाला छातीशी कसं बांधायचं, ते दाखवता का परत?’